वरचा जबडा आणि नाक यांची अपुरी वाढ: शस्त्रक्रियेची तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ज्यांच्या वरच्या जबड्याची आणि नाकाच्या बुडाची वाढ जन्मापासूनच कमी झालेली असते, त्यांचे लक्ष साहजिकच नाकाकडे आधी जाते. त्यामुळे बरेच जण आधी नाकाची शस्त्रक्रिया करून घेतात आणि जबड्याचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा आहे. नाक वरच्या जबड्याच्या आधाराने उभे असते. जबडा पुढे आणला की नाकपुड्यांचे बूड रुंदावते, शेंडा किंचित वर उचलला जातो, ओठाचा आणि नाकाचा कोन बदलतो, आणि आधी घडवलेले नाक पुन्हा दुरुस्त करावे लागते. दुसऱ्या वेळी त्वचेखाली व्रण झालेले असतात आणि चांगली कूर्चा (नाकातला हाडासारखा पण लवचिक भाग) आधीच वापरली गेलेली असते, म्हणून ही दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड जाते. पूर्ण उपचारांचा योग्य क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासावे, हे रुग्णांसाठी आणि पालकांसाठी पुढे मांडले आहे. प्रत्येकाच्या बाबतीतला निर्णय त्याची तपासणी केलेले डॉक्टरच घेतील.

टप्पा १: निदान पक्के करणे

चेहऱ्याचा मध्यभाग खोलगट दिसण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाची शस्त्रक्रिया वेगळी असते. हा लेख मुख्यतः बाइंडर सिंड्रोमविषयी आहे. बाइंडर यांनी १९६२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केल्यावर हे नाव रूढ झाले. यात कपाळापासून नाकापर्यंतची रेषा सपाट असते, नाकाचा शेंडा दबलेला असतो, दोन नाकपुड्यांमधला खांब आखूड असतो, नाकपुड्या खालून पाहिल्यास अर्धचंद्रासारख्या दिसतात आणि नाकाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खोलगट जागा असते. नाकाच्या बुडाशी, मधोमध, हाडाचे एक छोटे टोक असते. ते या व्यक्तींमध्ये फारच लहान असते किंवा नसतेच. पुष्कळांमध्ये खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, म्हणजे चावा उलटा असतो.

दुभंगलेला ओठ किंवा टाळू यांच्या शस्त्रक्रियेनंतर जबड्याची वाढ खुंटलेली असेल, तर पुढचे बरेचसे टप्पे लागू पडतात, मात्र उच्चारांची काळजी जास्त घ्यावी लागते. डोळे पुढे आलेले असतील आणि कवटीचा आकारही बदललेला असेल, तर तो क्रुझॉन सिंड्रोमसारखा वेगळा प्रश्न असू शकतो. त्याचे नियोजन कवटीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या गटाकडेच व्हायला हवे.

निदानासाठी चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, आणि पुढे शस्त्रक्रियेच्या नियोजनासाठी सीटी स्कॅन लागतो. यांच्याबरोबर मानेचा एक्स-रेही मागावा. बाइंडर सिंड्रोम असलेल्या बऱ्याच व्यक्तींच्या मानेच्या मणक्यांत दोष आढळतो, आणि भूल देताना मान मागे झुकवावी लागत असल्याने भूलतज्ज्ञाला त्याची आधीच माहिती असणे आवश्यक असते. हा एक्स-रे अनेकदा राहून जातो, कारण चेहऱ्याच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाची मान पाहावी हे सहज सुचत नाही.

गरोदरपणात आईने वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारे औषध) किंवा फेनिटॉइन (फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे औषध) घेतले होते का, किंवा तिला के जीवनसत्त्वाची (व्हिटॅमिन के) कमतरता होती का, हे डॉक्टर विचारतील. हा प्रश्न दोष देण्यासाठी नसतो. त्यावरून हाडांच्या वाढीचे संबंधित विकार तपासायचे की नाही हे ठरते. बहुतेक वेळा घराण्यात दुसऱ्या कोणालाही असा चेहरा नसतो आणि निश्चित कारणही सापडत नाही.

*तपासून घ्या: निदानाचे नाव, मानेचा एक्स-रे आणि ऐकण्याची चाचणी या तिन्ही गोष्टी कागदावर आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका.*

टप्पा २: उपचार करणारा गट आणि सुरुवातीच्या नोंदी

या कामात मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याचे) सर्जन, नाकाच्या पुनर्रचनेचा अनुभव असलेले प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावून दात सरळ करणारे दंततज्ज्ञ) आणि भूलतज्ज्ञ हे चौघे लागतात. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे सल्ले गोळा करण्यापेक्षा चौघांनी मिळून एकच लेखी योजना करावी, असा आग्रह धरा. सुरुवातीलाच समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून काढलेली छायाचित्रे, दातांचे साचे आणि उच्चारांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे. पुढे सूज उतरल्यावर तुलना करायची तर आधीची नोंद हवीच.

टप्पा ३: वाढ पूर्ण झाल्याची खात्री

जबड्याची हाडे कापून पुढे आणण्याची शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावरच करावी. मुलींमध्ये वाढ साधारण १४ ते १६ व्या वर्षी आणि मुलांमध्ये १७-१८ च्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा पूर्ण होते. पण वाढदिवस पाहून निर्णय घेऊ नये. सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने काढलेले दोन सेफॅलोग्राम एकमेकांवर ठेवून पाहतात. कवटीच्या तळाच्या रेषा जुळवल्यावर खालच्या जबड्याच्या रेषाही तंतोतंत जुळल्या तर वाढ थांबली आहे, आणि दोन रेषांमध्ये फट दिसली तर थांबणे भाग आहे. घाईने वरचा जबडा पुढे आणला आणि नंतर खालचा वाढतच राहिला, तर उलटा चावा परत येतो आणि सगळे पुन्हा करावे लागते.

मग लहानपणी काहीच करायचे नाही का? सौम्य प्रकारात साधारण ७ ते ९ वर्षांच्या वयात, वरचा जबडा पुढे ओढणारा चेहऱ्यावरचा मुखवटा वापरून काही फायदा होतो. मूल चेहऱ्यामुळे फार त्रासात असेल, तर वाढीच्या वयात नाकात कूर्चेचा लहान तुकडा बसवता येतो. त्याने नाकाची आखूड त्वचा आणि आतले अस्तर हळूहळू ताणले जाते, आणि मोठेपणी अंतिम नाक घडवताना त्याचा उपयोग होतो. माझ्या मते शाळेत रोज टोमणे ऐकणाऱ्या मुलाला केवळ "अठरा वर्षांचा होऊ दे" म्हणून थांबवणे योग्य नाही. मात्र ही शस्त्रक्रिया तात्पुरती आहे, चेहरा वाढेल तसे नाक मागे पडेल आणि ती पुन्हा करावी लागेल, हे मुलाला आणि पालकांना आधी स्पष्ट सांगितलेले असावे.

टप्पा ४: दातांना तारा

सगळ्यांत जास्त गैरसमज या टप्प्याबद्दल आहे. वरचा जबडा मागे राहिला की दात स्वतःच्या परीने ती उणीव भरून काढतात: वरचे पुढचे दात पुढे कलतात आणि खालचे आत झुकतात. त्यामुळे दातांमधले अंतर जबड्यांमधल्या खऱ्या अंतरापेक्षा कमी दिसते. दात असेच ठेवून शस्त्रक्रिया केली, तर जबडा जेवढा पुढे यायला हवा तेवढा येऊच शकत नाही, कारण दात आधी एकमेकांना अडतात. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट आधी दातांचा हा कल काढून टाकतात: वरचे दात मागे, खालचे पुढे. परिणामी उलटा चावा काही महिने आणखी वाढतो आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो.

ही उपचारांतली चूक नसते. पण आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण घाबरून तारा काढून घेतात किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात आणि वर्षभराचे काम वाया जाते. साधारण १२ ते १८ महिने हा टप्पा चालतो. याच काळात किडलेले दात भरून घ्यावेत, हिरड्यांचे उपचार पूर्ण करावेत आणि अक्कलदाढांचा निर्णय घ्यावा. खालच्या जबड्याचीही शस्त्रक्रिया होणार असेल तर खालच्या अक्कलदाढा बहुधा सहा महिने आधी काढतात, म्हणजे हाडातली पोकळी भरून येते.

*इशारा: तारांच्या काळात घाई करून केवळ दात कलवून चावा "जुळवून" घेऊ नका. त्याने दात जुळतात, पण जबडा पुढे आणायला जागाच उरत नाही.*

टप्पा ५: कोणती शस्त्रक्रिया, हे ठरवणे

इथे पहिला प्रश्न एकच विचारावा: दातांचा मेळ बरोबर आहे का? मेळ चांगला असेल आणि केवळ नाकाच्या बुडाशी हाड कमी असेल, तर जबडा हलवण्याची गरजच नसते. हलवला तर उलट चांगला मेळ बिघडेल. अशा वेळी नाकाच्या बुडाशी कूर्चा किंवा हाड बसवून खोलगट भाग भरतात, आणि ते काम नाकाच्या शस्त्रक्रियेतच होऊ शकते.

उलटा चावा असेल तर जबडा हलवावा लागतो, आणि त्यात मुख्य पर्याय दोन. ले फोर्ट-१ या पद्धतीत दातांच्या मुळांच्या वर आडवा छेद घेऊन वरच्या जबड्याचा दात असलेला भाग पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी स्थिर करतात. छेद ओठाच्या आतून असल्याने चेहऱ्यावर व्रण राहत नाही. मात्र नाकाच्या बुडाचा वरचा भाग आणि नाकाचा दांडा जागेवरच राहतात. ले फोर्ट-२ मध्ये नाकाच्या मुळापासूनचा त्रिकोणी भाग दातांसकट पुढे येतो, म्हणून नाकाचा दांडाही खूप मागे असेल तेव्हा तिचा विचार होतो. ती जास्त मोठी आहे, अश्रुनलिकांच्या जवळून जाते आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहण्याचा धोका तिच्यात असतो. बहुतेक रुग्णांमध्ये ले फोर्ट-१ आणि नंतर नाकाची पुनर्रचना एवढ्याने काम होते. ले फोर्ट-२ सुचवली गेली असेल तर ती नेमकी का, हे सेफॅलोग्रामवर बोट ठेवून समजावून मागा.

जबडा सुमारे १० मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आणायचा असेल, किंवा दुभंगलेल्या टाळूमुळे जुने व्रण ओढत असतील, तर एकाच वेळी ओढून आणलेले हाड मागे सरकण्याची शक्यता वाढते. तेव्हा हाड कापून यंत्र बसवतात, ५ ते ७ दिवस थांबतात, मग रोज साधारण १ मिलिमीटर या गतीने जबडा पुढे नेतात आणि नवे हाड घट्ट होईपर्यंत यंत्र ८ ते १२ आठवडे ठेवतात. यंत्राचा स्क्रू कोणत्या दिशेने आणि किती फिरवायचा हे घरातल्या दोघांनी शिकून घ्यावे, आणि प्रत्येक वेळची नोंद वहीत तारखेसह करावी.

*तपासून घ्या: टाळूचा दोष असेल तर जबडा पुढे आल्यावर आवाज नाकातून येऊ शकतो. उच्चारतज्ज्ञाची चाचणी शस्त्रक्रियेच्या आधी झालेली असावी.*

टप्पा ६: शेवटचे चार ते सहा आठवडे

धूम्रपान किमान ४ आठवडे आधी बंद करावे आणि नंतरही करू नये. कापलेल्या हाडाला आणि ताणलेल्या त्वचेला मिळणारा रक्तपुरवठा तंबाखूमुळे कमी होतो, आणि नाकाच्या शेंड्यावरची त्वचा मरण्याइतका हा धोका खरा आहे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि वनौषधींच्या गोळ्या यांची संपूर्ण यादी डॉक्टरांना द्यावी. त्यांपैकी काही ७ ते १० दिवस आधी थांबवल्या जातात. रक्त पातळ करणारे औषध मात्र स्वतःहून कधीही बंद करू नये.

भूल देण्याआधी साधारण ६ तास घन आहार आणि २ तास पाणीसुद्धा बंद असते, पण आपल्या भूलतज्ज्ञाने दिलेले वेळापत्रकच अंतिम मानावे. जबड्याच्या शस्त्रक्रियेत दातांचा मेळ तपासावा लागत असल्याने श्वासाची नळी बहुधा नाकातून घालतात. अरुंद नाकपुड्या आणि मानेतला दोष असलेल्यांमध्ये ती घालणे सोपे नसते. म्हणून भूलतज्ज्ञाची भेट आदल्या संध्याकाळी उरकण्याऐवजी काही दिवस आधी, एक्स-रे घेऊन व्हावी.

टप्पा ७: जबड्याची शस्त्रक्रिया आणि पहिले सहा आठवडे

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. डोळे जेमतेम उघडतात, ओठ जड होतात, नाकातून रक्तमिश्रित पाणी येते. हे अपेक्षित आहे. डोके साधारण ३० अंश उंच ठेवून झोपावे. गाल, वरचा ओठ आणि हिरड्या बधिर राहतात. ही बधिरता बहुतेकांमध्ये काही महिन्यांत कमी होते, काहींमध्ये थोडी कायम राहते.

पहिले काही आठवडे पातळ, नंतर दाताने न चावता गिळता येईल असा मऊ आहार घ्यावा. सहा आठवड्यांपर्यंत काहीही कडक चावू नये. पोटभर वाटत नाही म्हणून कमी खाणे ही नेहमीची चूक आहे. वजन झपाट्याने उतरले तर हाड जुळायला वेळ लागतो, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे, प्रथिने भरपूर असलेले घ्यावे. प्रत्येक वेळी मिठाच्या कोमट पाण्याने किंवा लिहून दिलेल्या माउथवॉशने तोंड धुवावे आणि दात लहान मुलांच्या मऊ ब्रशने घासावेत. दातांना लावलेली रबरे सांगितल्याप्रमाणेच लावावीत. ती चावा योग्य जागी ओढून ठेवतात.

२ ते ३ आठवडे नाक शिंकरू नये, कारण छेद गालाच्या पोकळ्यांमधून गेलेला असतो आणि जोराची हवा गालाच्या आत शिरून संसर्ग होऊ शकतो. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी.

*इशारा: नाकातून ताजे लाल रक्त थांबत नसेल (हे पहिल्या दोन आठवड्यांत उशिराही होऊ शकते), श्वास लागत असेल, ताप किंवा पू असेल, दृष्टी धूसर वा दुहेरी झाली असेल किंवा चावा अचानक बदलला असेल, तर फोनवर सल्ला न घेता थेट रुग्णालयात जावे. दोन्ही जबडे तारेने बांधलेले असतील, तर तार कापायची पक्कड सतत जवळ ठेवावी आणि तार कुठे कापायची हे घरातल्या माणसांना आधीच दाखवून घ्यावे.*

टप्पा ८: थांबणे

जबडा बसल्यावर नाकाची घाई करू नये. किमान सहा महिने, शक्य असल्यास वर्षभर थांबावे. या काळात सूज पूर्ण उतरते, जबडा मागे सरकत नाही ना हे नव्या सेफॅलोग्रामवर दिसते, आणि नाकाचे बूड नक्की किती रुंदावले हे मोजता येते.

टप्पा ९: नाकाची पुनर्रचना

बाइंडर सिंड्रोमच्या नाकात तीन गोष्टी कमी असतात: आतला सांगाडा, आतले अस्तर आणि त्वचा. नाकाच्या पडद्यातली कूर्चा यासाठी पुरत नाही, म्हणून बहुधा बरगडीची कूर्चा वापरतात. तिचा एक तुकडा नाकाच्या दांड्याला उंची देतो आणि दुसरा नाकपुड्यांमधल्या खांबात उभा राहून जबड्याच्या हाडावर टेकतो. दोन्ही मिळून इंग्रजी एल अक्षरासारखा आधार तयार होतो. खालचा तुकडा हाडावर पक्का न टेकता नुसता मांसात राहिला तर शेंडा काही महिन्यांत पुन्हा खाली येतो.

बरगडीची कूर्चा कोरली की वाकते, हा तिचा स्वभाव आहे. ते टाळण्यासाठी तिच्या गाभ्यातून दोन्ही बाजूंनी सारखा तासलेला तुकडा घेतात आणि तो सलाइनमध्ये काही वेळ ठेवून देतात. वाकायचा असेल तर तिथेच वाकलेला दिसतो आणि दुसरा निवडता येतो. कूर्चा काढलेल्या जागी जखम सलाइनने भरून भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतात. बुडबुडे आले नाहीत तर फुप्फुसाचे आवरण शाबूत आहे.

नाक किती उंच करायचे याची मर्यादा त्वचा ठरवते. शेंड्यावरची त्वचा बंद करताना पांढरी पडली तर आतला तुकडा लहान करायलाच हवा. म्हणून "डॉक्टर, अजून थोडे उंच करा" हा आग्रह आधीच्या भेटीत धरू नये. खांबाची त्वचा वाढवण्यासाठी शेजारच्या त्वचेची रचना बदलता येते, आणि फारच कमी असेल तर काम दोन वेळा करणे अधिक सुरक्षित असते.

सिलिकॉनचे तयार तुकडे पटकन बसतात आणि छातीवर व्रण राहत नाही, म्हणून ते आकर्षक वाटतात. पण घट्ट त्वचा आणि पातळ अस्तर असलेल्या या नाकात ते बाहेर येण्याचा आणि त्यांना संसर्ग होण्याचा धोका जास्त असतो. स्वतःची कूर्चा उपलब्ध असताना मी त्यांचा सल्ला देणार नाही.

*तपासून घ्या: छातीत अचानक दुखणे आणि धाप लागणे हे बरगडीच्या जागेशी संबंधित असू शकते, ते "जखम दुखते" म्हणून सोडून देऊ नये.*

टप्पा १०: नाकानंतरची काळजी

बाहेरचा स्प्लिंट (नाकावर बसवलेला कडक आधार) साधारण आठवडाभराने निघतो. नाकपुड्यांत आकार टिकवणाऱ्या नळ्या दिल्या असतील, तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत रोज काढून, धुऊन पुन्हा घालाव्यात. कंटाळून बंद केल्या तर नाकपुड्या आखडतात. चष्मा किमान ६ आठवडे दांड्यावर टेकवू नये, तो कपाळावर पट्टीने अडकवता येतो. धक्का लागणारे खेळ ३ महिने बंद ठेवावेत.

शेंड्याची सूज सर्वांत शेवटी उतरते आणि तिला वर्ष किंवा त्याहून जास्त काळ लागतो. तिसऱ्या महिन्यात शेंडा जाड दिसला म्हणून दुरुस्तीची मागणी करणे चुकीचे आहे. लहानसहान दुरुस्ती लागते का, हे वर्षानंतर आधीच्या आणि आताच्या छायाचित्रांची तुलना करून ठरवावे. दातांच्या तारा निघाल्यावर मिळणारा रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारे साधन) याच काळात रात्री न चुकता घालावा. नाकपुड्यांची ठेवण, श्वास आणि दातांचा मेळ या तिन्हींची तपासणी वर्षाच्या शेवटी एकाच भेटीत, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन दोघांसमोर करून घ्यावी.